खोली सरकारची, वाचनालय रहिवाशांचे: मुंबईच्या सरकारी चाळींची कहाणी

१/ सांताक्रूझच्या वाकोला, गोळीबार यांसारख्या वस्त्यांत जुनी घरे जाऊन पुनर्वसनाच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. या योजनांच्या नियमांत घरांबरोबर बालवाडी, सोसायटीचे कार्यालय आणि कल्याण केंद्रही आहे. नव्या नियमावलीत युवा केंद्र, वाचनालय व कौशल्य विकास केंद्र यांचीही भर पडली आहे. घर देऊन काम संपत नाही, ही जाणीव मुंबईला केव्हा झाली? #थ्रेड

२/ या कथेचा आरंभ प्लेगपासून होतो. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला आणि शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडले. रोगाचे मूळ दाट, अंधाऱ्या वस्तीत आहे असे मानून सरकारने १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. याच त्या बीआयटी चाळी. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरे मात्र थोडी होती.

३/ पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई अधिकच तीव्र झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन केले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. पैसा उभा करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसला.

४/ प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे एका इमारतीत ८० कुटुंबे आणि सर्व चाळींत मिळून सुमारे १६,५०० खोल्या. संकल्पाच्या एक तृतीयांश!

५/ त्याहून मोठा धक्का पुढे होता. इतकी टंचाई असूनही कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. भाडे कामगाराला परवडणारे नव्हते, वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर होती आणि सोयी अपुऱ्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. भिंती उभ्या करणे आणि वस्ती वसवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे सरकारला तेव्हा उमगले.

६/ हे दुसरे काम काही माणसांनी आधीच हाती घेतले होते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात १९०९ मध्ये दाखल झालेले शिक्षक नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली. कामगार दिवसभर गिरणीत असतो, म्हणून शाळा रात्रीची. त्याला वाचनालयात जाण्यास सवड नाही, म्हणून वाचनालय फिरते. तो सावकाराच्या पाशात आहे, म्हणून सहकारी पतपेढी.

७/ लीगची पद्धत सोपी होती. कामगाराला लीगच्या दारी बोलावण्याऐवजी लीगच त्याच्या दारी जाई. परळचे दामोदर ठाकरसी सभागृह हे या कार्याचे केंद्र ठरले. तेथे शिकणे, व्याख्यान आणि नाटक एकाच छपराखाली नांदले. गिरणगावातील कामगार रंगभूमीला हक्काचे व्यासपीठ येथेच लाभले.

८/ अशीच कल्पना जगात इतरत्रही रुजत होती. लंडनमध्ये टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोत जेन ॲडम्स यांचे हल हाउस (१८८९) यांनी सुशिक्षितांनी गरीब वस्तीतच राहून काम करण्याचा पायंडा पाडला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तो नागपाड्यात आणला. ‘नागपाडा नेबरहुड हाउस’मध्ये दवाखाना, वाचनालय, वर्ग आणि खेळ अशी सोय झाली.

९/ याच वास्तूत १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. पहिले संचालक अर्थात मॅनशार्ट. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे, ही गोष्ट भारतात नागपाड्याच्या गल्लीतून पुढे आली. नागपाडा पुढे बास्केटबॉलपटूंची खाण म्हणूनही नावारूपाला आला.

१०/ मात्र या सर्व प्रयत्नांत एक मर्यादा होती. देणारा बाहेरचा आणि घेणारा आतला. शिवाय, अस्पृश्य मानल्या गेलेल्या रहिवाशाला चाळीत खोली मिळाली, तरी पाणवठ्यावरचा आणि शाळेतला भेद सुटत नसे. ही चौकट मोडली ती चाळीत राहणाऱ्या एका माणसाने.

११/ परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. परदेशातील पदव्या मिळाल्या, बॅरिस्टरी झाली, तरी पत्ता तोच होता. ९ मार्च १९२४ रोजी त्याच परिसरातील दामोदर सभागृहात त्यांनी सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली.

१२/ सभेचे कार्यक्रम पाहण्यासारखे आहेत. १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. मुंबईत मोफत वाचनालय. ‘सरस्वती विलास’ हे विद्यार्थ्यांचे मासिक. आणि तरुणांसाठी चक्क हॉकी क्लब! जुगार आणि दारू वाईट, एवढे सांगून तरुण सुधारत नाही. संध्याकाळी त्याच्या हाती दुसरे काही द्यावे लागते, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

१३/ लीग आणि सभा यांची साधने जवळजवळ तीच होती: पुस्तक, शाळा, मैदान. फरक हेतूत होता. लीगला कामगाराचे जीवन सुसह्य करायचे होते. सभेला त्याच तरुणांतून उद्याचा वकील, लेखक व कार्यकर्ता घडवायचा होता. सभेचे ब्रीद शिकणे, चेतवणे आणि संघटित होणे असे होते. यातील तिसरी पायरी दानातून येत नाही; ती आपली आपणच चढावी लागते.

१४/ स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उपनगरांत पसरल्या: घाटकोपरचे पंतनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर. १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली, १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. घरांचे शासकीय गणित मोठे होत गेले. चाळींत मात्र व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे, आंबेडकर जयंती समित्या आणि अभ्यासिका रहिवाशांनीच चालवल्या. गॅलरी आणि पटांगण होते, म्हणून हे शक्य झाले.

१५/ आज तीच वास्तू बदलते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ बीडीडी कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५००! शंभर वर्षे वाट पाहिलेल्या कुटुंबांसाठी हा न्यायच आहे. त्याच परिसरात दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला तो सभागृह हरवेल या भीतीने.

१६/ बंद दरवाजांच्या उंच इमारतीत पटांगणाची जागा कोण घेणार? नियम युवा केंद्रासाठी जागा राखून ठेवतात, पण ते चालवण्याची इच्छा नियमातून येत नाही. रिकाम्या बीडीडी चाळींनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिले होते. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात आणि तेथील बीडीडी चाळीही त्याच नावाने ओळखल्या जातात. लॉइड यांनी बांधलेल्या चाळींना लोकांनी नाव मात्र रात्रशाळा काढणाऱ्याचे दिले.