फारसी जिभेवरची इंग्रजी

१८३७ हे साल आपण दोन कारणांसाठी ध्यानात ठेवायला हवे. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून आपल्या कचेऱ्यांतून आणि अदालतींतून फारसीला निरोप देण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी तेहरानमध्ये इराणचे पहिले वृत्तपत्र निघाले. नाव होते ‘कागज-ए-अखबार’, म्हणजे इंग्रजी ‘न्यूजपेपर’चे शब्दशः फारसी रूप.

ते काढणारा मिर्झा सालेह शिराझी. रशियाकडून झालेल्या पराभवानंतर युवराज अब्बास मिर्झाने नवे ज्ञान मिळवण्यासाठी १८१५ मध्ये पाच विद्यार्थी इंग्लंडला धाडले, त्यांत तो होता. तिथे तो इंग्रजी शिकला, छपाईची कला शिकला आणि १८१९ मध्ये मायदेशी परतला. इंग्रजी शिकून त्याने फारसी सोडली नाही, उलट तिला छापखान्यापर्यंत नेले. आम्हाला या इतिहासाचे मर्म इथेच दिसते.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. १८५१ मध्ये अमीर कबीरच्या पुढाकाराने तेहरानला ‘दारुल फुनून’ उघडले, पण तिथे वर्चस्व राहिले फ्रेंचचे. इंग्रजीचा खरा जोर दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेचा प्रभाव वाढला तेव्हा झाला. मग इराणी अभ्यासकही कामाला लागले. लुत्फुल्लाह यारमोहम्मदी यांनी १९६० च्या दशकात फारसी आणि इंग्रजी ध्वनी शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात याचा शोध घेतला.

ही अडखळण आपल्याला परकी नाही. फारसीत शब्दाच्या आरंभी जोडाक्षर चालत नाही. म्हणून ‘क्लास’चे ‘केलास’ होते, ‘प्लास्टिक’चे ‘पेलास्टिक’ आणि ‘स्टुडंट’चे ‘एस्टुडंट’. आपल्या घरातली वडीलधारी माणसे ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ म्हणतात, त्याचीच ही बहीण! फारसीत तो आणि ती या दोहोंना एकच सर्वनाम, ‘ऊ’. त्यामुळे इराणी मुलगा आपल्या आईविषयी बोलताना सहज ‘ही’ म्हणून जातो. मराठीत तर तो, ती, ते असे तिघे हजर असतात. पुढे संशोधकांच्या हेही लक्षात आले की सगळ्याच चुका मातृभाषेमुळे होत नाहीत. काही चुका कोणत्याही भाषेचा नवशिका करतोच. चूक म्हणजे अडाणीपणा नव्हे, ती शिकण्याची पायरी आहे, ही समज शिक्षकाला यामुळे आली.

१९७९ च्या क्रांतीनंतर इंग्रजीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पण ती शाळेतून गेली नाही. पाठ्यपुस्तकांतून पाश्चात्त्य जीवन वगळले गेले. व्याकरण आणि वाचन उरले, बोलणे मागे पडले. मरयम बोर्जियान यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात या धोरणांचा सविस्तर मागोवा घेतला आहे. त्याच सुमारास ‘प्रॉस्पेक्ट’ ही संभाषणावर भर देणारी नवी पुस्तके शाळांत आली. तरी २०१८ मध्ये प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवण्यास मनाई जाहीर झालीच.

अशा वेळी ज्याच्या खिशात पैसा तो मुलाला खासगी शिकवणीला घालतो. गरिबाचे पोर मात्र शाळेच्या पुस्तकावरच अवलंबून राहते. बंदीने इंग्रजी थांबत नाही, ती फक्त महाग होते.

आपल्या समाजातही मराठी, उर्दू की इंग्रजी असा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. जणू एक भाषा घेतली की दुसरी गमवावीच लागते! मिर्झा सालेहचे उदाहरण तसे सांगत नाही. परक्या भाषेने आपली भाषा मरत नाही. आपण तिच्यात लिहिणे, छापणे, विचार करणे सोडले की ती मरते. मुलांना इंग्रजी जरूर शिकवू या, पण ती शिकून आपल्या भाषेत काय घेऊन यायचे, हेही त्यांना सांगू या.