जुन्या मोटारसायकलचा ‘करंट’ : भाग बदलण्यापूर्वी तपासणी

वसमत तालुक्यात फेब्रुवारी ते एप्रिल हा हळदीच्या काढणीचा आणि शिजवणीचा काळ. शेत, घर आणि मोंढा यांमधील फेऱ्या याच दिवसांत वाढतात आणि एप्रिलपर्यंत पारा चाळिशी ओलांडतो. जुन्या मोटारसायकलींची एक विशिष्ट तक्रारही याच सुमारास ऐकू येते. सकाळी पहिल्या किकला सुरू झालेली गाडी भर दुपारी रस्त्यात बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी राहिली की जणू काही झालेच नव्हते अशी पुन्हा सुरू होते. मग अंदाजाने प्लग बदलला जातो, त्यानंतर कॉइल, त्यानंतर सीडीआय. पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

यात दुसरे नुकसान अधिक मोठे आहे. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि येझदी बनविणारा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परतले, पण त्यांचे इंजिन सर्वस्वी वेगळे आहे. त्यामुळे जुन्या गाडीवरची मूळ, चांगली कॉइल काढून तिच्या जागी हलक्या दर्जाची नक्कल बसविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. नवा भाग म्हणजे निर्दोष भाग, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे.

तपासणीपूर्वी गाडीची प्रज्वलन यंत्रणा कोणत्या जातीची आहे हे ओळखावे लागते. जुन्या बुलेटमध्ये बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर अशी रचना असते. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेली ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. आरएक्स १०० मध्ये मात्र मॅग्नेटवरची कॉइल वीज निर्माण करते, सीडीआय ती साठवून योग्य क्षणी सोडतो आणि ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. या दोहोंत किल्लीचे काम नेमके उलट आहे. बुलेटमध्ये किल्ली बंद केली की वीजपुरवठा तुटतो. सीडीआयच्या गाडीत बंद किल्ली एका वायरला अर्थ देऊन ठिणगी मारते. म्हणूनच अशा गाडीत किल्लीकडे जाणारी ती एक वायर सोडवून पाहणे ही पहिली आणि फुकटची चाचणी होय. वायर सोडवताच ठिणगी आली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. सीडीआयला हात लावण्याचे कारण नाही.

प्लगवरून बरेच कळते. पुष्कळ किका मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, तेव्हा कार्बोरेटरकडे वळावे. तो ओला असेल तर ठिणगीचा संशय रास्त ठरतो. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे धातूचे अंग सिलिंडर हेडला घट्ट टेकवावे, प्लगच्या छिद्रापासून दूर धरावे आणि मग किक मारावी. छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. सीडीआयच्या गाडीत प्लगला अर्थ न देता किक मारू नये. वाट न मिळालेला उच्च दाब कॉइल किंवा सीडीआय निकामी करू शकतो.

बाहेर ठिणगी दिसली म्हणजे सारे ठीक, असा समज सर्वत्र आहे आणि तो फसवा आहे. मोकळ्या हवेत प्लगची ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट ओलांडणे सोपे असते. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की तीच फट ओलांडायला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. म्हणून सुमारे ६ मिलिमीटर फटीचा ठिणगी-परीक्षक वापरावा. तो नसल्यास बाजूची वाकडी पट्टी कापून टाकलेला जुना प्लगही काम भागवतो. एवढ्या अंतरावर निळी, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइल समर्थ आहे.

पॉइंटच्या गाडीत एका साध्या बल्बने अर्धे निदान होते. किल्ली चालू करून बल्बची एक वायर अर्थला आणि दुसरी कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला लावावी व इंजिन हाताने सावकाश फिरवावे. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो. तो सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मळलेले आहेत किंवा मिटतच नाहीत. मुळीच लागला नाही तर कॉइलच्या दुसऱ्या टोकाशी वीज येते का ते पाहावे. तेथे येत असेल तर पॉइंटची वायर वा कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइलची आतील तार तुटली आहे. बुलेटवर पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. पॉइंट उघडताना तेथेच पिवळसर, जाड ठिणग्या उडू लागल्या तर कंडेन्सर गेला असे समजावे. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते. चांगला कंडेन्सर बाहेरून तात्पुरता जोडून, जुन्याची वायर सोडवून, खात्री करता येते.

मल्टिमीटरने कॉइल मोजताना आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून मीटरचा स्वतःचा रोध वजा करावा. १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलचा प्राथमिक रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो, सीडीआयच्या कॉइलचा बहुधा एका ओहमच्या आत. दुय्यम बाजू काही हजार ओहम दाखवते. कॅप काढून मोजावे, कारण पुष्कळ कॅपमध्ये स्वतंत्र ५ हजार ओहमचा रोधक असतो आणि तोच तुटलेला निघतो. गाडीच्या माहितीपुस्तकातील आकडे मिळाले तर तेच अंतिम मानावेत.

दुपारी बंद पडणाऱ्या गाडीची तपासणी मात्र सकाळी करून उपयोग नाही. गाडी बंद पडताच, ती तापलेली असतानाच मोजावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांची कॉइल ९० अंशांवर गेली तर आकडा जवळपास पावपट वाढणे स्वाभाविक आहे. तो एकदम अनंत झाला, तर आतली तार उष्णतेने सुटते आहे. मॅग्नेटवरची कॉइल आणि पिकअप इंजिनला लागून असल्याने हा दोष तेथेही वारंवार आढळतो. पावसाळ्यातील बंद पडणे निराळे. त्यासाठी रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून जाड वायर आणि कॅपवर पाण्याचा फवारा मारावा, पण हात दूर ठेवावेत. वीज जेथून गळते तेथे निळसर रेघ सरपटताना दिसते.

सीडीआयची डबी घरगुती मीटरने तपासता येत नाही. तिची अर्थची वायर आणि बोल्टखालचा गंज घासून साफ करावा. कॉइल, पिकअप, स्विच, कॅप सारे निर्दोष ठरल्यावरच त्याच मॉडेलच्या चालू गाडीची डबी लावून पाहावी. आणि ठिणगी जोरकस असूनही गाडी सुरू होत नसेल किंवा किक उलटी मारत असेल, तर मॅग्नेटचे चाक ज्या छोट्या चावीवर बसते ती कातरली गेली आहे का ते उघडून पाहावे. अशा वेळी ठिणगी पडत असते, फक्त चुकीच्या क्षणी.