मिश्रकाचा अधिकारी झाला, पण शिकवलं कोणी?

लहानपणी आजीबरोबर सरकारी दवाखान्यात जायचे तेव्हा शेवटचा मुक्काम ठरलेला असायचा. जाळीची खिडकी, तिच्यासमोर रांग आणि खिडकीआडून गोळ्या देणारा एक हात. आजी त्या हाताच्या मालकाला ‘कंपोंडर साहेब’ म्हणायची. खिडकीवरच्या पाटीवर मात्र लिहिलेलं असायचं ‘औषधनिर्माण अधिकारी’.

पुढे मी स्वतः डी.फार्म. केलं आणि त्या पाटीतला विनोद कळला. तो माणूस औषध निर्माण करत नव्हता, गोळ्या कारखान्यातून येत होत्या. आणि अधिकारी म्हणावं, तर कोणतं औषध किती मागवायचं, आलेला माल परत पाठवायचा का, हे ठरवायचा अधिकारही त्याच्याकडे फारसा नव्हता. मग ही पाटी आली कुठून? या प्रश्नाच्या मागे गेले आणि आमच्या हिंगोलीपासूनच सुरुवात करावी लागली.

पलटणीचं गाव, कंपाउंडरचा काळ

हिंगोलीत आजही रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती, त्याच्या या खुणा. त्या काळातल्या लष्करी आणि सरकारी दवाखान्यांची एक उतरंड असायची. वर सर्जन, त्याखाली हॉस्पिटल असिस्टंट, आणि सगळ्यात खाली ड्रेसर आणि कंपाउंडर.

कंपाउंड म्हणजे मिसळणं. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची आणि कंपाउंडरने खलात पूड घोटून, मापाने अर्क ओतून बाटली भरायची. बाटलीवर कात्रीने दाते कापलेली कागदी पट्टी चिकटवायची. एक दाता म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळेल अशी ती सोय होती. काही प्रांतांत कंपाउंडरची छोटी परीक्षा असे, बाकी ठिकाणी डॉक्टरशेजारी काढलेली वर्षं हीच पदवी. मराठी सरकारी कागदांत या पदाला सरळ भाषांतर करून ‘मिश्रक’ म्हणत.

१९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती बसली. बाजारातली भेसळ आणि औषधं हाताळणाऱ्यांचं अपुरं शिक्षण, दोन्ही गोष्टी तिच्यामुळे चर्चेत आल्या. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. १९४६ च्या भोर समितीनेही या शिक्षणाचे वेगवेगळे स्तर सुचवले. आणि मार्च १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला.

तो आला तेव्हा हिंगोली भारतात नव्हती. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. पण कायदा पुढे सगळीकडे पोचला आणि त्याने एक मोठं काम केलं. औषध कोणी द्यायचं, याची नोंदवही तयार केली. पाच वर्षं दवाखान्यात औषधं मिसळण्याचा अनुभव असलेल्या जुन्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदवहीत वाट ठेवली. १९५३ मध्ये शिक्षणाचे पहिले नियम झाले.

मात्र कायद्याने विचारलेला प्रश्न होता, रुग्णाच्या हातात औषध कोण देणार? रुग्णालयाचा सगळा औषधसाठा कोण सांभाळणार, हा प्रश्न बाजूलाच राहिला. नेमक्या त्याच वर्षांत खल-बत्ता मागे पडत होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तयार औषधांचे कारखाने वाढले. मिसळायचं काम संपत आलं आणि मागवणं, तपासणं, साठवणं, वाटणं हेच खरं काम होऊन बसलं. पदाचं नाव मिश्रकावरून औषधनिर्माता आणि मग औषधनिर्माण अधिकारी असं चढत गेलं. शिक्षण त्या शिडीवर चढलं नाही.

दुसरीकडे काय झालं

अमेरिकेत हाच पेच १९२७ मध्ये हार्वे व्हिटनी यांच्यासमोर होता. त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात फार्मासिस्टांसाठी वेगळी उमेदवारी सुरू केली. रुग्णालयात राहून तिथला औषध विभाग कसा चालतो, ते शिकायचं. १९४२ मध्ये तिथल्या रुग्णालयातल्या फार्मासिस्टांची संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष व्हिटनीच होते. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठाने औषध विभागाच्या प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष काम एकत्र जोडलं. ब्रिटनमध्ये १९७० च्या नोएल हॉल समितीने सांगितलं, की छोटी रुग्णालयं सुटी सुटी ठेवू नका, मोठ्या भागासाठी एक वरिष्ठ फार्मासिस्ट नेमा आणि खालच्या माणसाला वर चढायची शिडी द्या.

दोन्हीकडे गृहीत एकच होतं. साठा सांभाळणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, गोळ्या मोजता येणाऱ्याला ते आपोआप येत नाही.

जे.जे.तले १४ मृत्यू

आपल्याकडे ही गोष्ट फार महागात कळली. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात काही रुग्णांची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ लागली. सगळ्यांमध्ये एक धागा होता, त्यांना ग्लिसरीन दिलं होतं. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे उद्योगात वापरायचं रसायन, पोटात गेलं की विष. १४ रुग्ण दगावले.

हे विष जगाला नवीन नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसं मेली होती आणि त्यातूनच तिथला १९३८ चा कडक कायदा आला. आणि ते जुनंही झालेलं नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तिथेही हेच रसायन होतं.

जे.जे. प्रकरणी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालात बेपर्वाईची अख्खी साखळी उघडी पडली: खरेदी, तपासणी, परवाने, रुग्णालयाचं प्रशासन. मला यात सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की मृत्यू खिडकीवर झालेल्या चुकीने आले नाहीत. कोणी चुकीची बाटली दिली नाही, कोणी डोस चुकवला नाही. बाटली खिडकीपर्यंत पोचायच्या आधीच सगळं बिघडलेलं होतं. ‘तपासणीचा अहवाल येईपर्यंत हा डबा उघडायचा नाही’ असं म्हणणारा, आणि म्हटलेलं ऐकलं जाईल अशा खुर्चीवरचा माणूस साखळीत हवा होता. असं म्हणायला औषधाचं ज्ञान लागतं, पण नुसतं ज्ञान पुरत नाही.

सापाची लस आणि बाराने भागाकार

हे प्रशासन म्हणजे नेमकं काय, ते आमच्या जिल्ह्याच्या उदाहरणाने सांगते. पाऊस पडला की हळद-सोयाबीनच्या रानात माणसं आणि साप एकाच वेळी बाहेर पडतात. समजा एका रुग्णालयाला वर्षाला सर्पदंशाच्या लसीच्या १२०० कुप्या लागतात. बाराने भागलं तर महिन्याला १००. दोन महिन्यांचा साठा ठेवला, म्हणजे २०० कुप्या. कागदावर हिशोब चोख. पण खरा खप असा असतो: पावसाच्या चार महिन्यांत दरमहा २००, बाकी आठ महिने दरमहा ५०. म्हणजे जून संपताना कपाट रिकामं. मागणी नोंदवल्यावर माल यायला दोन महिने लागत असतील, तर जूनमध्ये केलेल्या मागणीची लस ऑगस्टमध्ये येणार. पावसाळ्याची मागणी मार्चअखेर गेलेली असायला हवी. हा हिशोब चुकला तर नातेवाईक रात्री रुग्णाला घेऊन नांदेडच्या रस्त्याला लागतात.

यासाठी साध्या पद्धती आहेत. औषधांची पैशांनुसार अ, ब, क अशी वर्गवारी करायची, आणि दुसरीकडे ‘नसेल तर जीव जाईल’, ‘नसेल तर अडेल’, ‘नसलं तरी चालेल’ अशी. अॅड्रिनालीनचं इंजेक्शन स्वस्त, म्हणून पैशाच्या यादीत तळाला. जिवाच्या यादीत सगळ्यात वर. जो फक्त पैशाची यादी बघतो तो महागड्या औषधांवर लक्ष ठेवतो आणि अॅड्रिनालीन संपल्याचं त्याला रुग्ण टेबलावर असताना कळतं.

मी शिकले तेव्हा १९९१ चे नियम लागू होते. ही वर्गवारी आम्हाला होती, परीक्षेत पाच मार्कांना. शिक्षणानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष काम करायचं होतं आणि त्यातले निदान २५० तास चिठ्ठीवरची औषधं देण्यासाठी राखलेले होते. म्हणजे निम्मा वेळ खिडकीवरच. ‘औषध दुकान आणि व्यवसाय व्यवस्थापन’ नावाचा विषयही होता, पण नावातच दुकान. २०२० च्या नव्या नियमांत सामाजिक फार्मसी आली, औषधोपचारशास्त्र आलं, हे चांगलंच झालं. तरी व्यवस्थापन हा शब्द दुकानाच्या विषयालाच जोडलेला राहिला.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयाच्या भांडारात मागच्या रांगेत मुदत संपलेले खोके सापडले. तेच औषध काही महिन्यांपूर्वी रुग्णांना बाहेरून आणायला सांगितलं होतं. तिथला फार्मासिस्ट कामचुकार नव्हता. खिडकी, नोंदवह्या, ऑनलाइन नोंदी आणि भांडार असं सगळं तो एकटा ओढत होता. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवायचं, हे त्याला माहीत होतं. मांडणी बदलायला माणूस आणि वेळ मागायचा कोणाकडे, आणि कोणत्या भाषेत, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

नांदेड, मद्रास आणि आता हिंगोली

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आमच्यासाठी ते दुसऱ्या जिल्ह्याचं रुग्णालय नव्हतं. वसमत-कळमनुरीची माणसं तिथेच जातात.

त्या वादात खरेदीचा गुंता सगळ्यांसमोर आला. २०१७ पासून राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली होती आणि २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून वेगळं प्राधिकरण आणलं. यंत्रणा बदलली. तमिळनाडूने हे काम १९९४ मध्येच वेगळ्या महामंडळाकडे दिलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक, आणि आलेल्या मालाची तपासणी झाल्याशिवाय वाटप नाही. मला त्यातलं पासबुक फार आवडतं. तुमच्या रुग्णालयाच्या खात्यात किती शिल्लक आहे ते तुम्हाला दिसतं आणि त्यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. पण पासबुक वाचणारा माणूसही तयार करावा लागतो. मुंबईत बसलेलं प्राधिकरण कितीही चांगलं असलं, तरी औंढ्याला जुलैमध्ये किती कुप्या लागतील हे इथल्याच माणसाने वेळेत कळवायचं असतं.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोली आहे. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यासाठी ही लहान गोष्ट नाही. दहा महाविद्यालयांत मिळून एमबीबीएसच्या ९०० जागा, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. त्यांच्या औषध भांडारांचे प्रमुख कोण आणि ते कुठे शिकणार, यावर मी कुठे चर्चा ऐकली नाही.

मागणं फार मोठं नाही. नोकरीत असलेल्या फार्मासिस्टांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण: साठ्याचा अंदाज, खरेदीचे नियम, गुणवत्ता तपासणी, माणसं सांभाळणं, अंदाजपत्रक वाचणं. रुग्णालयाच्या औषध समितीत नुसती खुर्ची नको, मत हवं. आणि संशयास्पद माल अडवून ठेवायचा लेखी अधिकार. नव्या महाविद्यालयात हे पहिल्या दिवसापासून करता येईल, कारण तिथे मोडायला जुनी सवय अजून तयार झालेली नाही.

आजी आता नाही. शेवटपर्यंत ती मलाही कौतुकाने ‘आमची कंपोंडरीण’च म्हणायची आणि मला त्याचा कधी राग आला नाही. कंपाउंडरला निदान त्याचं काम शिकवलेलं होतं. खलात किती घोटायचं आणि पट्टीला किती दाते कापायचे, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.