व्हिसलरची आई

ज्या चित्राला सगळं जग 'व्हिसलरची आई' म्हणून ओळखतं, त्याला चित्रकाराने दिलेलं नाव मात्र वेगळंच आहे: 'करड्या आणि काळ्या रंगांची रचना, क्रमांक १'. हे माझ्या आईचं चित्र आहे याच्याशी लोकांना काय करायचंय, असं जेम्स व्हिसलरने 1878 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं.

चित्र 1871 चं, लंडनमधल्या चेल्सीतल्या राहत्या घरी काढलेलं. ठरलेली मॉडेल आली नाही म्हणून त्याने आईला उभं केलं. साठी उलटलेली अ‍ॅना दोन-तीन दिवस उभी राहिली, मग दमली, आणि खुर्ची आली. मूळची ती अमेरिकेतली. नवरा 1849 मध्ये रशियात वारला, तेव्हापासून अंगावर काळे कपडे. यादवी युद्धाच्या धामधुमीत ती मुलाकडे इंग्लंडला आली ती कायमचीच. परदेशात मुलाच्या घरी येऊन राहिलेली आई! आपल्यापैकी अनेकांना ती ओळखीची वाटेल.

आता रंगकाम पाहा. रंग इतका पातळ की कॅनव्हासचं विणकाम खालून दिसतं. पडदा, भिंत, भिंतीवरची चौकट, सगळं उभ्या-आडव्या सरळ रेषांत. त्यात तिरकी, वळणदार अशी ती एकटीच. टोपीची आणि बाह्यांची लेस मोजक्या फटकाऱ्यांत उमटलेली. ऊब असलेला रंग फक्त चेहऱ्याला आणि हातांना. ती आपल्याकडे बघत नाही. समोर पडद्यापर्यंत नुसती करडी मोकळी जागा आहे. तिचं एकटेपण (की शांतपणा? मला दोन्ही दिसतं) चेहऱ्यापेक्षा या मोकळ्या जागेतच जास्त आहे. म्हणून व्हिसलरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. रचनेवर त्याने एवढी मेहनत घेतली, आणि आई दिसते ती त्या रचनेमुळेच.

1872 मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीने चित्र जेमतेम स्वीकारलं. पुढे ते गहाणही पडलं. 1891 मध्ये फ्रेंच सरकारने विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाच्या मालकीचं आहे.

1934 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने मातृदिनासाठी त्याचं तीन सेंटांचं तिकीट काढलं. चित्र कडांनी कापलं, आणि तिच्या समोरच्या त्या मोकळ्या जागेत फुलांची कुंडी काढली.