पोथी, बाड आणि ग्रंथबांधणी : गणपत कृष्णाजी यांच्या व्यवसायाच्या निमित्ताने

मराठी मुद्रणाच्या इतिहासात मुद्रकाचे नाव आढळते, खिळे पाडणाऱ्याचे आढळते. ग्रंथ बांधणाऱ्याचे नाव मात्र सहसा आढळत नाही. ही उणीव केवळ योगायोगाची नव्हे. तिची मुळे आपल्याकडील ग्रंथाच्या जुन्या स्वरूपात व त्यासंबंधीच्या आचारविचारांत शोधावी लागतात.

पोथी ही मुळात बांधली जाणारी वस्तूच नव्हे. आडवी, सुटी पाने एकावर एक रचावयाची, वरखाली लाकडी फळ्या ठेवावयाच्या व सर्व रुमालात गुंडाळावयाचे, एवढ्यानेच तिचे रक्षण होई. पान वाचून झाले की ते उलटून बाजूस ठेवावयाचे. या रीतीत सुई-दोऱ्यास स्थान नव्हते; अर्थात बांधणाऱ्या कारागिराचीही गरज नव्हती. तथापि शिवणीची कला महाराष्ट्रास अगदीच अपरिचित होती असे नाही. पदे, अभंग व आख्याने उतरून घेण्यासाठी कीर्तनकार व रामदासी शिवलेली बाडे बाळगीत. जिल्द, जुजबंदी, दफ्तरी हे बांधणीच्या व्यवसायातील शब्द फारसी-अरबी परंपरेतून आलेले आहेत. ही विद्या कोणत्या मार्गाने आली, हे त्यांवरूनच सूचित होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिकच्या परिसरात या दोन रीती अवघ्या काही मैलांच्या अंतरावर नांदत होत्या. गोदातीरावरील वैदिकाच्या घरची पोथी सुटी, रुमालात बांधलेली. देवळालीच्या छावणीत गोऱ्या पलटणींबरोबर येणारे इंग्रजी पुस्तक पाठीशी शिवलेले व पुठ्ठ्यात बसविलेले. मराठी ग्रंथास पहिल्या रीतीकडून दुसरीकडे जावयाचे होते. या संक्रमणाच्या आरंभी मुंबईचे गणपत कृष्णाजी उभे आहेत.

गणपत कृष्णाजी यांचे शिक्षण अमेरिकन मिशनच्या छापखान्यात झाले. मिशनऱ्यांची छापील पुस्तके पाहून आपल्या धर्माचे ग्रंथही असेच छापावे, ही इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली. त्यांनी शिळाप्रेस उभारला, शाई सिद्ध केली आणि १८३१ मध्ये पंचांग छापून प्रसिद्ध केले. पुढे खिळ्यांच्या छपाईकडेही ते वळले. त्यांचा मृत्यू १८६० मध्ये झाला. गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ मधील ग्रंथात त्यांच्या उद्योगाची नोंद केली आहे.

त्यांच्यापुढील अडचण केवळ यांत्रिक नव्हती. छापील ग्रंथ सोवळ्यास चालेल काय, हा त्या काळचा जिवंत प्रश्न होता. शाईत प्राण्यांची चरबी असते या शंकेमुळे अनेक जण छापील पुस्तकास स्पर्श करीत नसत. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले असे सांगितले जाते. जेथे शाईतील चरबीविषयी एवढी शंका, तेथे चामड्याच्या वेष्टनास व सरसाने चिकटविलेल्या पाठीस धर्मग्रंथाच्या बाबतीत मान्यता मिळणे कठीणच होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही. छापखाना आला तरी पोथीचा आकार टिकला, याचे एक कारण येथे सापडते. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीही बालपणी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात उमेदवारी केली. त्यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्यातून सुट्या पानांच्या पोथ्या निघत राहिल्या. त्याचबरोबर १८८६ पासून ‘काव्यमाला’ही निघू लागली.

शिवलेला ग्रंथ रूढ झाला तसा छापखान्यात दफ्तरी आला. छापील फर्मे घडी घालून दाबणे, जुज शिवणे, पाठीस सरस लावून तिला गोलाई देणे, पुठ्ठे जोडणे व शेवटी कापड किंवा चामडे चढविणे, ही सारी कामे हाताची. ग्रंथाचे आयुष्य या कामावर अवलंबून असे. तरीही मुखपृष्ठावर मुद्रकाचे नाव छापले जाई, दफ्तऱ्याचे नाही.

या कामातील द्रव्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०१ मध्ये बांधणीच्या चामड्याविषयी अहवाल सादर केला. हिंदुस्थानात कमावलेली मेंढी-बकऱ्यांची कातडी बांधणीस अत्यंत निकृष्ट ठरतात व सुमाकने कमावलेली टिकतात, असा तिचा निष्कर्ष होता. या हिंदी कातड्यांच्या कमावणीत तरवडाची साल वापरली जाई. दख्खनच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारे हे झुडूप चांभाराच्या दृष्टीने उपयुक्त खरे. परंतु त्याच्या सालीने कमावलेले चामडे कालांतराने तांबूस भुकटी होऊन झडते. जुन्या ग्रंथालयांत हातास लागणारी लाल धूळ हा बहुधा दफ्तऱ्याच्या हयगयीचा नव्हे, तर त्यास मिळालेल्या द्रव्याचा दोष होय.

दफ्तऱ्याने नाव मागे ठेवले नाही. त्याचा पुरावा त्याच्या शिवणीत आहे. जीर्ण ग्रंथ पुन्हा बांधताना जुनी शिवण उसवली जाते, कडा कातरल्या जातात व त्यांबरोबर समासातील वाचकांच्या टिपाही नाहीशा होतात. म्हणून अशा ग्रंथाची बांधणी बदलण्यापूर्वी तिची शिवण, पुठ्ठा, अस्तराचे कागद व वेष्टन यांची नोंद करणे अगत्याचे आहे. ज्या कारागिराचे चरित्र कोणी लिहिले नाही, त्याच्या चरित्राचे साधन तेवढेच उरले आहे.