कौटिलीय अर्थशास्त्रांतील पशुगणना, निवास व वृद्धि

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. तेव्हांपासून त्या ग्रंथांतील दुर्गविधान, गूढपुरुष, षाड्गुण्य इत्यादि विषयांवर विद्वानांनीं विपुल लेखन केलें आहे. परंतु दुसऱ्या अधिकरणांतील २९ ते ३२ हे अध्याय, म्हणजे गोऽध्यक्ष, अश्वाध्यक्ष व हस्त्यध्यक्ष यांचीं प्रकरणें, गोठ्यापागेचा विषय म्हणून बहुधा ओलांडलीं जातात. राजसत्ता जनावरांच्या निवाऱ्यावर व वाढीवर कशी नजर ठेवी, हें पाहण्यास याहून उत्तम साधन नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम गाईंचा विचार करूं. गोऽध्यक्षानें आठ सदरांखालीं माहिती ठेवावी असें सांगितलें आहे; त्यांत एकंदर व्रजाची मोजदाद, हरवलेलीं जनावरें, मेलेलीं जनावरें व दूधतुपाचें उत्पन्न हीं सदरें येतात. वासरें, गोऱ्हे, जुंपावयास शिकवावयाचे खोंड, ओढीचे बैल, कालवडी, गाभण, दुभत्या व वांझ गाई असे वयाचे व अवस्थेचे भेद मांडले आहेत. महिना दोन महिन्यांचें वासरूं झालें कीं त्यास डाग द्यावा. चुकून आलेलें जनावर महिना दोन महिने राहिलें तर त्यासहि द्यावा. आणि डाग, अंगची खूण, रंग व शिंगांतील भेद हीं प्रत्येकाचीं लक्षणें लिहून ठेवावीं. जनावर मेलें तर तोंडी सांगणें पुरें नाहीं. गाईम्हशींचें डागाचें कातडें व शेळ्यामेंढ्यांचा खुणेचा कान पुरावा म्हणून दाखविला पाहिजे.

या हिशेबापेक्षांहि वासरांसंबंधीं घेतलेली काळजी अधिक लक्षणीय आहे. शंभर गाईंमागें गोपालक, पिंडारक, दोहक, मंथक व लुब्धक असे पांच प्रकारचे सेवक नेमून त्यांस रोख वेतन द्यावें. दूधतुपावर ठेवलेले नोकर वासरांचा घात करतील, असें कारण ग्रंथकारानेंच दिलें आहे. वर्षा, शरद् व हेमंत या ऋतूंत दोनदां दोहन करावें, उरलेल्या तिहींत एकदांच. त्या काळीं दुसऱ्यांदा दूध काढणाऱ्याचा अंगठा तोडावा, एवढा कठोर दंड आहे. चारापाणी उणें असतां वासराच्या तोंडचें दूध राखणें, हाच या नियमाचा हेतु असावा असें आम्हांस वाटतें.

निवाऱ्याचीं मापें मात्र गाईंच्या प्रकरणांत आढळत नाहींत. तीं घोड्याहत्तींच्या प्रकरणांत येतात. अश्वशाळा घोड्यांच्या संख्येप्रमाणें लांब व घोड्याच्या लांबीच्या दुप्पट रुंद असावी; तीस चार दारें असावींत; प्रत्येक घोड्याचें ठाण त्याच्या लांबीइतकें चौरस, गुळगुळीत फळ्यांनीं आच्छादिलेलें, दाण्याच्या जागेसह व मलमूत्र बाहेर जाण्याच्या वाटेसह असावें. घोड्या, वळू व शिंगरें यांस वेगळें बांधावें. वानर, मोर, मुंगूस, चकोर इत्यादि प्राणीहि शाळेंत ठेवावे असें सांगितलें आहे.

शिंगराच्या वाढीचा क्रमहि तितकाच बारकाईनें दिला आहे. दहा दिवसांनंतर सहा महिन्यांपर्यंत चौथा हिस्सा तूप घातलेलें कुडुबभर सातूचें पीठ व प्रस्थभर दूध. पुढें तीन वर्षांपर्यंत प्रस्थभर जव, तोहि महिन्यागणिक अर्ध्यानें वाढवीत. चौथें वर्ष पुरें होईतों द्रोणभर. आणि चौथ्या पांचव्या वर्षीं पूर्ण प्रमाणाचें जनावर कामास योग्य. शरीराच्या ऱ्हासावर व वृद्धीवर इलाज करणें आणि ऋतुमानाप्रमाणें आहार ठरविणें हें अश्ववैद्यांचें काम होय. सारांश, गाईंच्या बाबतींत वृद्धि म्हणजे मुख्यतः कळपाची संख्या, तर घोड्याच्या बाबतींत वृद्धि म्हणजे एकेका जनावराचें शरीर. एक कोशाचें अंग, दुसरें सेनेचें. हा भेद त्यामुळेंच पडला असावा.

आतां हें सर्व प्रत्यक्ष व्यवहारांत होतें कीं केवळ शास्त्रांत, हा प्रश्न उरतो. या प्रकरणांवरून मौर्यकालीन गोठ्यांचें वर्णन करून मोकळें होण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. ट्राउटमन यांनीं १९७१ सालीं शब्दांच्या गणनेवरून हा ग्रंथ एकाच हातचा नसल्याचें प्रतिपादन केलें आहे, आणि सध्यांचें त्याचें रूप मौर्यांनंतरचें आहे असें अनेक विद्वान् मानतात. तथापि डाग देण्याच्या चालीस स्वतंत्र पुरावे आहेत. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, राज्याभिषेकास २६ वर्षें झालीं असतां, तिष्य, पुनर्वसु व चातुर्मासीच्या दिवशीं घोड्यांस व बैलांस डाग देऊं नयेत अशी आज्ञा आहे. चाल नसती तर निषेधाचें प्रयोजनच नव्हतें. पाणिनीनें (६.३.११५) पशूंच्या कानांवरील अष्ट, पंच, मणि, स्रुव, स्वस्तिक इत्यादि खुणा नोंदविल्या आहेत. महाभारताच्या वनपर्वांत दुर्योधन घोषयात्रेस निघतो तो गाई मोजण्याच्या व वासरांस अंक घालण्याच्या निमित्तानें, आणि विराटाच्या घरीं सहदेव गाईंची मोजदाद ठेवणारा म्हणूनच राहतो. म्हणून गणना व अंकन यांस व्यवहाराचा आधार भक्कम आहे. निवाऱ्याच्या मापांस व शिंगराच्या रतिबास तितका नाहीं. हा विवेक राखूनच या अध्यायांचा उपयोग करावा.

ही उणीव दुसऱ्या पोथीनें भरून निघणार नाहीं. ती हिशेबाच्या कागदांनींच भरेल. मौर्यांचे असे कागद मिळणें दुरापास्त. पण आपल्याकडील उत्तरकालीन पागा, पीलखाना व खिल्लारें यांच्या बाबतींत तरी तीच चूक होऊं नये. जुन्या दप्तरांत दाणावैरणीचे रोजमेळ, जनावरांच्या रंगखुणांच्या याद्या, गोठ्याच्या डागडुजीचा खर्च असे तुकडे आढळले असतां संग्राहकांनीं राजपत्रांच्या शोधांत ते बाजूस टाकूं नयेत. शास्त्र काय सांगतें तें पोथींत आहे. लोकांनीं त्यांतलें काय पाळलें, याची साक्ष याच कागदांत सांपडावयाची.