सहा मालक, एकच कारखाना : कोरियाच्या ‘सँगयाँग’ची कहाणी

कोरियन मोटार म्हटली की आपल्याकडे ह्युंदाई आणि किआ ही दोनच नावे चटकन आठवतात. मात्र दक्षिण कोरियातील मोटारउद्योगाची चढउताराची खरी कहाणी सांगते ती ‘सँगयाँग’ ही तुलनेने लहान कंपनी. सात दशकांत पाच वेळा मालकी बदललेल्या, दोनदा न्यायालयाच्या दारात गेलेल्या या कंपनीची सूत्रे सुमारे दशकभर मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रकडे होती. तिच्या वाहनांचे वंशज चाकण आणि नाशिकच्या कारखान्यांतूनही बाहेर पडले.

युद्धाच्या राखेतून

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबले. पुढच्याच वर्षी हा डोंग-ह्वान या उद्योजकाने सोलमध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला. अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या लष्करी वाहनांच्या सांगाड्यांवर बसची बांधणी करणे, हा त्याचा मुख्य व्यवसाय. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात वाहनांची टंचाई होती, त्यामुळे धंदा वाढला. १९६६ मध्ये कंपनीने ब्रुनेईला बसची निर्यातही केली. १९७७ मध्ये तिचे नाव ‘डोंग-आ मोटर’ झाले आणि १९७९ मध्ये सोलच्या दक्षिणेला प्योंगटेक येथे नवा कारखाना उभा राहिला. पुढील सारा इतिहास याच कारखान्याभोवती फिरतो.

१९८४ मध्ये डोंग-आने ‘गोह्वा’ ही कंपनी विकत घेतली. अमेरिकन मोटर्सच्या परवान्याने कोरियात जीप बनविणाऱ्या उद्योगाची ती वारसदार होती. तिच्या जीपचे नाव ‘कोरांडो’. ‘कोरियन कॅन डू’, म्हणजे कोरियन माणूस हे करू शकतो, या शब्दांवरून ते घडविले होते. बस बांधणारी कंपनी येथून जीपसारख्या दणकट वाहनांकडे वळली. महिंद्रनेही १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी करून मोटारउद्योगात पाऊल टाकले होते. दोन्ही कंपन्यांचे हे साधर्म्य पुढे महत्त्वाचे ठरले.

मर्सिडीजचे तंत्र, मुसोचा दबदबा

सिमेंटसह अनेक व्यवसायांत असलेल्या सँगयाँग समूहाने १९८६ मध्ये कंपनी ताब्यात घेतली आणि १९८८ मध्ये तिला स्वतःचे नाव दिले. कोरियन भाषेत ‘सँगयाँग’ म्हणजे दोन ड्रॅगन. समूहाने ब्रिटनची पँथर ही क्रीडा-मोटारींची छोटी कंपनी विकत घेतली, पण तिची ‘कॅलिस्टा’ चालली नाही.

१९९१ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी झालेला तांत्रिक करार मात्र फलदायी ठरला. ब्रिटिश रचनाकार केन ग्रीनली यांनी आरेखित केलेली ‘मुसो’ १९९३ मध्ये बाजारात आली. मुसो म्हणजे गेंडा. मर्सिडीजच्या तंत्रावर आधारित डिझेल इंजिनामुळे तिने दणकट म्हणून नाव मिळविले. १९९६ मध्ये नवी कोरांडो आणि १९९७ मध्ये मर्सिडीजच्या ई-क्लासच्या सांगाड्यावर बेतलेली ‘चेअरमन’ ही आलिशान मोटार आली.

वाहने नावाजली गेली, पण त्यासाठी काढलेले कर्ज फिटले नाही. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात समूह कोलमडला आणि १९९८ मध्ये कंपनी देवू समूहाकडे गेली. सिएलो आणि मॅटिझमुळे भारतीयांना परिचित असलेला हा समूह स्वतःच १९९९ मध्ये बुडाला. सँगयाँग पुन्हा पोरकी झाली. याच काळात, २००१ मध्ये, तिने ‘रेक्स्टन’ बाजारात आणली.

७७ दिवसांचा संप

२००४ मध्ये चीनच्या शांघाय ऑटोमोटिव्ह (सैक) कंपनीने सँगयाँगमधील ४८.९ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. नवी गुंतवणूक येत नाही, तंत्रज्ञान तेवढे चीनला जाते, असा कामगार संघटनेचा आरोप होता. २००८ मध्ये इंधन महागले, जागतिक मंदी आली आणि मोठ्या डिझेल गाड्यांची मागणी घसरली. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने न्यायालयाचे संरक्षण मागितले. त्यानंतर २,६४६ कामगारांच्या कपातीची योजना जाहीर झाली. एकूण मनुष्यबळाच्या एक तृतीयांशाहून अधिक अशी ही संख्या होती.

२२ मे २००९ रोजी कामगारांनी प्योंगटेकच्या कारखान्याचा ताबा घेतला. व्यवस्थापनाने पाणी आणि गॅस तोडला. पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचा मारा केला. शेकडो कामगार रंगकाम विभागात ठाण मांडून बसले होते. ६ ऑगस्ट रोजी, ७७ व्या दिवशी, तडजोड होऊन संप संपला. कामगार नेते हान सांग-ग्युन यांना तुरुंगवास झाला.

संप संपला, त्याची झळ संपली नाही. पुढील काही वर्षांत आत्महत्या आणि आजारपणामुळे बडतर्फ कामगार व त्यांच्या कुटुंबीयांपैकी सुमारे ३० जणांचा मृत्यू झाला. २०१३ मध्ये न्यायालयाने संपकऱ्यांना ४.७ अब्ज वॉन भरपाई देण्याचा आदेश दिला. तेव्हा एका वाचक महिलेने एका साप्ताहिकाकडे ४७,००० वॉन पाठविले. एक लाख लोकांनी एवढेच दिले तर दंड फिटेल, हा त्यामागील हिशेब. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळत असे, म्हणून ही मोहीम ‘पिवळे पाकीट’ म्हणून ओळखली गेली. संपकऱ्यांवरील भरपाईच्या दाव्यांना मर्यादा घालणारा, याच नावाने ओळखला जाणारा कायदा कोरियाच्या संसदेने २०२५ मध्ये संमत केला. २०२१ मध्ये जगभर गाजलेल्या ‘स्क्विड गेम’ मालिकेतील नायकाच्या पूर्वायुष्यामागेही याच संपाची प्रेरणा असल्याचे दिग्दर्शकाने सांगितले आहे.

महिंद्रचे दशक

मार्च २०११ मध्ये महिंद्रने सुमारे ७० टक्के हिस्सा ५२२.५ अब्ज वॉनना घेतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये रेक्स्टन भारतात आली. तिची जुळणी चाकणला होत असे. जानेवारी २०१५ मध्ये कोरियात आलेली छोटी ‘टिवोली’ चांगली खपली आणि २०१६ मध्ये कंपनीने नऊ वर्षांनंतर प्रथमच वार्षिक नफा नोंदविला. याच टिवोलीच्या सांगाड्यावर महिंद्रची ‘एक्सयूव्ही ३००’ बेतली गेली. ती २०१९ मध्ये बाजारात आली, नाशिकला तयार झाली आणि आपल्या रस्त्यांवर रुळली.

जुलै २०१८ मध्ये दिल्ली भेटीवर आलेल्या कोरियाच्या अध्यक्षांनी, मून जे-इन यांनी, बडतर्फ कामगारांचा विषय आनंद महिंद्र यांच्यापुढे काढला. सप्टेंबरमध्ये उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा समझोता झाला. पण तोटा पुन्हा वाढत होता. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, २३० अब्ज वॉनची नियोजित गुंतवणूक करण्यास महिंद्रच्या संचालक मंडळाने नकार दिला. डिसेंबरमध्ये सँगयाँगने पुन्हा न्यायालयात धाव घेतली.

एडिसन मोटर्सशी ठरलेला व्यवहार पैसे वेळेत न भरल्याने मार्च २०२२ मध्ये फिसकटला. अखेर त्याच वर्षी केजी समूहाने कंपनी घेतली. जुलै २०२२ मध्ये आलेल्या ‘टोरेस’ने तिला आधार दिला. मार्च २०२३ मध्ये कंपनीचे नाव ‘केजी मोबिलिटी’ झाले आणि दोन ड्रॅगनांचे नाव इतिहासजमा झाले.

वाहन चांगले असणे आणि कंपनी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सँगयाँगच्या इतिहासातून दिसते. मुसो आणि रेक्स्टन चाहत्यांनी वाखाणल्या, पण नवे प्रारूप घडविण्याचा खर्च पेलण्याइतकी विक्री कंपनीला क्वचितच साधली. प्रत्येक मालक आपापला हिशेब करून आला आणि गेला. प्योंगटेकच्या कामगाराला मात्र तसे उठून जाता आले नाही. या कहाणीची सर्वाधिक किंमत त्यानेच मोजली.